एकही लक्षण नसलेला रोगी

कंपनीचे मोठे डॉक्टरसाहेब, तुम्ही मला न बघताच आजारी ठरवलंत. तेही फोनवर. मी सात मजले वर क्रेनच्या केबिनमध्ये, आणि तुम्ही खाली एसीत बसून म्हणालात, "खाली उतरा. तुमचं कॉर्टिसॉल भयंकर वाढलंय. असा माणूस उंचीवर ठेवता येत नाही."

कॉर्टिसॉल म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारा हार्मोन, हे मला तेव्हा कळलं. यंदा कंपनीनं हौसेनं लाळेची तपासणी काढली होती. झोपण्याआधी कापसाचा बोळा चघळायचा आणि नळीत घालून आणून द्यायचा. मी चघळला. चुकलंच माझं.

"पण मला होतंय काय, साहेब?"

"वजन वाढलंय?"

"नाही."

"बीपी?"

"तुमच्याच दवाखान्यात मोजलं. नॉर्मल."

"झोप?"

"शेजारच्यांना विचारा. माझ्या घोरण्यानं त्यांची उडते."

"मग लक्षणं लपून बसली असतील."

लक्षणं म्हणजे काय उंदीर आहेत लपायला? पण तुम्ही 'अनफिट' लिहून मोकळे झालात. अठरा वर्षं टनावारी लोखंड अलगद उतरवणारा मी फाटकावर हेल्मेटं वाटत बसलो.

घरी तर कहर झाला. या आजारात चेहरा गोल होतो, असं बायकोनं मोबाइलवर वाचलं. रोज सकाळी माझी हनुवटी धरून ती म्हणायची, "आई, गोल दिसतोय का गं?"

सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "जावईबापूंचं तोंड लग्नातही असंच होतं. तेव्हा तुला चंद्र वाटलं."

पोटावर जांभळट रेघा येतात म्हणून बायकोनं शर्ट वर केला आणि किंचाळली. रेघ होती! लेंग्याच्या नाडीची. मेहुणा सल्ला देऊन गेला, "दाजी, टेन्शन घेऊ नका." टेन्शन मी घेतलंच नव्हतं, या लोकांनी घरपोच आणून दिलं.

शेवटी पदरचे पैसे घालून मी हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी आधी गोळ्या, इंजेक्शन, दम्याचा फवारा, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "हात दाखवा. भेगांना काय लावता?"

मी खिशातली ट्यूब काढली. बाईंनी नाव वाचलं आणि तोंडावर रुमाल धरला. हसत होत्या.

"अहो, या मलमात जे औषध आहे ते कॉर्टिसॉलच! झोपताना लावता?"

"हो. चोळून चोळून."

"आणि बोळा कशानं धरलात?"

मी तीच मलमाची बोटं पुढे केली.

"एका रिपोर्टवर रोग ठरत नसतो," बाई म्हणाल्या. "त्यातून लक्षणं नसताना तर आधी रिपोर्टवरच संशय घ्यायचा." काही दिवस मलम बंद, हात स्वच्छ धुऊन, बोळ्याला बोट न लावता पुन्हा तपासणी. एकदा नाही, दोनदा. जोडीला दिवसभराची लघवीही तपासली. सगळं जागच्या जागी.

साहेब, ते मलम मला कुणी दिलं होतं? तुम्ही! तुमच्याच दवाखान्याच्या खिडकीतून, तुमच्याच सहीनं!

नवे रिपोर्ट मी तुमच्या टेबलावर ठेवले. तुम्ही म्हणालात, "एकदा अनफिट लिहिलं की समिती बसवावी लागते." मला खाली उतरवायला तुमचा एक फोन पुरला. वर चढवायला समिती कशाला लागते? आणि ती कधी बसणार? तारीख सांगा. फोनवर नको. माझ्यासमोर, माझ्याकडे बघून सांगा.