टॉवरबाबा आणि गेलेल्या माणसाचा ईमेल

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळी नऊलाच मुंगीला शिरायला जागा नव्हती. आलेल्या प्रत्येकाच्या हातात गेलेल्या माणसाचा फोन होता. तशी अटच होती. मंचावर टॉवरबाबा डोळे अर्धवट मिटून बसले होते. मांडीवर पोथी, पोथीभोवती रेशमी कापड.

"आत्म्याला सिम लागत नाही," बाबा म्हणाले. "आत्मा कायमचा रोमिंगमध्ये असतो. त्याच्या हातचा फोन असला की पुरे, रेंज आम्ही देतो. टोकन एक्केचाळीस."

एक्केचाळीस म्हणजे नणंदेला सोबत घेऊन आलेली वहिनी. तिने नवऱ्याचा फोन कपाळाला लावला. वर्षभर ती तो फोन रोज चार्ज करत होती. बाबांनी मान खाली घातली.

"ईमेलचा पत्ता येतोय. चिमणीचं घर... बहात्तर."

वहिनीने फोन छातीशी धरला. नवरा तिला चिमणी म्हणायचा, तेही घरात कोणी नसताना. त्याचा ईमेल पत्ता तिने कुणाला सांगणं शक्यच नव्हतं. तो तिला स्वतःलाच माहीत नव्हता.

"ते म्हणतायत, कापाकापी करून घेऊ नकोस. गाठ आपोआप विरेल."

शेजारी उभ्या असलेल्या नणंदेने मनात दिवस मोजले. सोमवारी वहिनीच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होतं. 'आत्ता काढली तर आटोक्यात आहे, पुढचं मी सांगू शकत नाही,' असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तारीख मिळवायला नणंदेने तीन आठवडे त्यांचा उंबरठा झिजवला होता.

नणंदेचा धंदा मोबाइल दुरुस्तीचा. लोकांचे फोन पाण्यात पडतात, डाळीत पडतात, रागाच्या भरात भिंतीवर पडतात; गेल्या अकरा वर्षांत एकही फोन आपणहून बोललेला तिने पाहिला नव्हता. दारातल्या सेवकाने वहिनीने आणलेल्या फोनवर बाबांचं अ‍ॅप टाकलं होतं, त्यात टोकनचा आकडा भरला होता आणि "इथे होय म्हणा, ताई," म्हणून बोट दाखवलं होतं. वहिनी होय म्हणाली होती. सेवकांना नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

दुकानात येऊन नणंदेने एक जुना फोन घेतला आणि त्यावर नवंकोरं खातं उघडलं. पत्ता ठेवला 'भंगारचार्जर पाच'. दुसऱ्या दिवशी वहिनीला जवळजवळ ओढतच घेऊन ती रांगेत उभी राहिली. सेवकापुढे पदर डोळ्यांना लावला, अ‍ॅप टाकून घेतलं, होय म्हटलं.

"टोकन सतरा," बाबा म्हणाले. "पत्ता येतोय. भंगार... चार्जर... पाच. तुझे यजमान सुखात आहेत, बाई. तुझी आठवण काढतायत."

"मग त्यांना सांगा, एकदा लग्नाला तरी यायचं होतं," नणंद म्हणाली. "मी बिनलग्नाची आहे, महाराज. हा पत्ता मी काल दुपारी चहा पिता पिता तयार केलाय. पोथीवरचं कापड जरा बाजूला करता?"

तिने पुढे होऊन कापडाचं टोक उचललं. पोथीत टॅब्लेट होता, आणि त्यावर सतरा आकड्यासमोर भंगारचार्जर झळकत होता.

बाबांनी कापड पुन्हा नीट केलं. "परलोकात कचरा पाठवला," ते शांतपणे म्हणाले, "तर कचराच परत येणार."

आधी कोणीतरी हसलं, मग सगळा हॉल हसला. एका आजोबांनी टाळी वाजवली. सेवकांनी नणंदेला दाराबाहेर सोडलं, आणि आत आवाज आला, "टोकन अठरा."

घरी तिने वहिनीच्या हातात फोन दिला. "हे बघ. दादाचं खातं या फोनमध्ये अजून चालू आहे. तू होय म्हणालीस, अ‍ॅपने पत्ता उचलला, टोकनच्या आकड्यासमोर नेऊन ठेवला. यात दादा कुठेच नाही."

वहिनीने अ‍ॅपला दिलेली परवानगी शांतपणे वाचली. "कळलं, वन्सं. मी काही खुळी नाही."

"मग सोमवारी निघायचं ना?"

"त्यांनी नको म्हटलंय."

"आत्ता तर म्हणालीस कळलं."

"पत्ता फोनने दिला, मान्य. पण 'नको' कोणी दिलं? ऑपरेशनचं फोनला काय माहीत?"

"ते तू दिलंस, वहिनी. सोमवारी कापणार, भीती वाटते, असं दारात सेवकाला कोण सांगत होतं? तो टोकनच्या मागे लिहून आत धाडत होता, मी पाहिलं."

वहिनीने फोन पदराने पुसला. मग म्हणाली, "चार्जर द्या जरा. यांचा फोन उतरलाय."

सोमवारी नणंद दवाखान्यात फाईल मांडीवर घेऊन एकटीच बसली होती. नर्सने वहिनीचं नाव तीनदा पुकारलं आणि पुढचं घेतलं.

वाचकहो, चमत्कार एवढाच होता: फोनने परवानगी मागितली आणि आपण न वाचता दिली. तेव्हा होय म्हणण्याआधी वाचा, आणि आपलीच भीती कोणी आपल्याला देववाणी म्हणून परत ऐकवली, तर ती त्याला कुणी सांगितली होती ते आठवा. हे वाचून बाबांची रांग कमी होईल अशी आशा नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी दुसरा मजलाही घेतला. पण फोन निदान परवानगी तरी मागतो. गाठ मागत नाही.