एका ताटाचं टेबल

“उजेड दिसतोय का, सांग,” आत्या म्हणाली.

तिने एका फळीच्या कडेवर दुसरीची कड टेकवून दोन्ही उभ्या धरल्या होत्या. मागे खिडकी होती. मी डोळे बारीक करून पाहिलं. केसाएवढीही फट नव्हती.

“काही नाही दिसत.”

“मग झालं. आता सरस लावला की सुटायचं नाव नको.”

मागची ही खोली पूर्वी अडगळीची. आत्या नर्स म्हणून निवृत्त झाली आणि रंधा घेऊन तिथे बसू लागली. वॉर्डातली स्टुलं-कपाटं दुरुस्त करणाऱ्या सुताराच्या मागे लागून ती हे शिकली होती. मशीन नव्हतं, म्हणून फळ्यांच्या कडा ती जोडीने तासायची. दोन फळ्या मिटलेल्या पुस्तकासारख्या एकमेकींना चिकटवून शिकंज्यात आवळायच्या आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा चालवायचा. हात जरा तिरका गेला तरी बिघडत नाही, पुस्तक उघडलं की एकीचा तिरकेपणा दुसरी भरून काढते. मात्र त्यातली एक फळी उलटी केली, तर दोघींचा तिरकेपणा एकत्र होतो आणि सगळं वाकतं. चुकू नये म्हणून तिने चारही फळ्या शेजारी मांडून त्यांच्यावर पेन्सिलीने एक मोठा त्रिकोण काढला होता. त्रिकोण जुळला की फळ्या जागच्या जागी.

हे टेबल ती स्वतःसाठी करत होती. आयुष्यभर ती आमच्या घरात, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरात राहिली. आम्हा भावंडांची दुखणी तिने काढली, पण या घरातली एक खुर्चीसुद्धा तिची नव्हती. आता तिने दोन गल्ल्या सोडून एक खोली घेतली होती आणि तिथे पहिली वस्तू आपल्या हातची न्यायची, असं ठरवलं होतं. बाबांना हे पटत नव्हतं. “लोक काय म्हणतील?” हे त्यांचं पालुपद. लोकांना काय पडलंय! सकाळी आयता चहा कोण देणार, हा खरा प्रश्न होता. तो विचारायची लाज वाटत होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आत्या खोलीची किल्ली आणायला, झाडझूड करायला गेली. संध्याकाळी परतली तेव्हा चारही फळ्या सरस लावून आवळलेल्या होत्या आणि बाबा हात पुसत उभे होते.

“घे, तुझं काम हलकं केलं.”

आत्या जवळ गेली. “दादा, त्रिकोण कुठे गेला?”

“ती गिचमीड? पॉलिश पेपरने साफ करून टाकली. आणि मधल्या दोन फळ्या उलटवल्या. किती देखणी बाजू होती त्यांची, तू खाली लपवून ठेवलेली!”

“मला विचारायचं तरी.”

“फळ्या चिकटवायला विचारायचं काय त्यात? चांगलं करायला जावं तर हे.”

सरस सुकला होता. सकाळी शिकंजे सोडले तर टेबलाचा माथा पन्हळीसारखा वाकलेला. बाबांनी तो खालून-वरून पाहिला आणि म्हणाले, “रंधा नीट मारला नसशील तू.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “बाबा, अहो, फळ्या तुम्ही उलटवल्यात!”

“तू मध्ये बोलू नकोस. आत्ता सरळ करतो.”

आत्या “नको, नको” म्हणेपर्यंत त्यांनी माथा जमिनीवर पालथा टाकून त्यावर गुडघा रोवला. कडकन आवाज झाला. मधल्या दोन्ही फळ्या उभ्या चिरल्या.

“लाकूडच कच्चं निघालं,” बाबा म्हणाले.

“ऊठ,” आत्या म्हणाली. “बाहेर थांब. इथे गर्दी नको.”

वॉर्डातून नातेवाइकांना हुसकावण्याचा तो आवाज होता. घरात तो कोणी कधी ऐकला नव्हता. बाबा चक्क उठले आणि बाहेर जाऊन थांबले. आत्याने दार लावून घेतलं, करवत उचलली आणि सांध्यांवरून सगळं कापून काढलं. दोनच फळ्या वाचल्या. तिने त्या पुन्हा जोडीने आवळल्या.

“नवीन फळ्या आणू या ना,” मी म्हटलं. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

“नको. मला आता थांबायचं नाही इथे,” ती म्हणाली आणि रंधा मारू लागली.

आत्या तिकडे राहायला गेल्यावरच्या पहिल्या रविवारी बाबा आणि मी तिच्या खोलीवर गेलो. भिंतीला टेकून ते टेबल होतं, निम्म्या रुंदीचं, जेमतेम एक ताट मावेल एवढं. खुर्चीही एकच. ताट वाढलेलं होतं. बाबा सवयीने खुर्ची ओढून बसायला निघाले.

“दादा, ते माझं ताट आहे,” आत्या म्हणाली. “तुम्ही दोघं पलंगावर बसा. माझं झालं की तुम्हाला वाढते.”

आमच्या घरात ती बाबांच्या आधी एकदाही जेवली नव्हती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पलंगावर जाऊन बसले. ते पलंगाच्या कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

आत्या सावकाश जेवली. मग पातेलं ओढून तिने आणखी थोडा भात वाढून घेतला.