पाय हातात होता

“मामा, छान बसलाय हो बूट, कुठे चावत नाही,” आजी म्हणाली. तिच्या म्हणण्याला काही अर्थ नव्हता. तिच्या तळपायाला संवेदनाच नव्हती. खिळा रुतला असता तरी कळलं नसतं. म्हणून तर तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून, बुटात बोट घालून चाचपत होता. दवाखान्याच्या बूट खात्यात तीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. सगळे त्याला बूटमामा म्हणत. खरं नाव हजेरीपटाला तेवढं ठाऊक.

अशा बधिर पायाच्या जखमेखाली बुटाचा तळ खोलगट ठेवायचा आणि पुढची बाजू किंचित उचललेली, म्हणजे माणूस हिंडताफिरताही जखम भरते, ही युक्ती त्याची. सात वर्षं चुका करकरून त्यानं ती शोधली होती. आता तिला मोठ्या डॉक्टरांचं नाव लागलं होतं, आणि पारितोषिक देणारी मंडळी आज बूट बघायला येणार होती.

सकाळी लेकीनं बजावलं होतं, “बाबा, आज तरी गुडघे टेकू नका. उभं राहून सांगा, हे मी केलंय म्हणून.”

“प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, पोरी.”

“एकदाच धुतले ना? तुम्ही जन्मभर धुताय.”

त्याला हसू आलं होतं. पण दाढी करताना ‘हे मी केलंय’ हे वाक्य त्यानं आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं, आणि रविवारी चर्चला जायचा सदरा घातला होता.

मोठ्या डॉक्टरांबरोबर मंडळी आली. चष्मेवाल्या बाईंनी फळीवरचा एक बूट उलटा करून नीट न्याहाळला. “ही मूळ कल्पना कुणाची?” विचारता विचारता त्यांची नजर त्याच्याकडे वळली.

त्याच वेळी त्याच्या बोटाला टोचलं. आतून खिळ्याचं टोक वर आलं होतं आणि आजी उठायच्या बेतात होती. “बसा आजी, हलू नका,” म्हणत त्यानं पाय घट्ट धरला. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.

“माझी,” डॉक्टर म्हणाले. मग त्याच्याकडे हात करून, “हे आमचे कारागीर. फार प्रामाणिक माणूस.”

बाईंनी मान डोलावली. तो कसंबसं हसला. मंडळी गेल्यावर त्यानं खिळा उपटला, चामड्याचा तुकडा चिकटवला, आजीला दारापर्यंत चालवून पाहिलं. ती खुशीत घरी गेली. तो स्टुलावर बसला तो बसलाच.

संध्याकाळी लेक न्यायला आली. “सांगितलंत?”

“आजीचा पाय हातात होता गं.”

“तोंड तर मोकळं होतं.”

दुपारभर तो प्रभूला तेच विचारत होता. ही नम्रता होती, की नुसती गप्प बसायची सवय? सगळं तुझ्या हाती सोपवलंय असं रोज म्हणतो, पण आज मला त्या माणसाचा राग येतोय, फार राग येतोय. तो रागही त्यानं सोपवून पाहिला, पण तो काही हातून सुटेना.

“चला घरी.”

बूट घालायला तो वाकला, पण गुडघा वाकेना. पर्स टेबलावर ठेवून लेक चामड्याच्या कपच्यांत खाली बसली. त्याचा बूट उचलून तिनं आत बोट घातलं आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत तळ चाचपला, अगदी त्याच्यासारखा.

“ऊठ,” तो म्हणाला. “फरशी गार आहे. गुडघे जातील.”

“पाय पुढे करा, बाबा.”