जिन्यातली काचपट्टी

भूकंप चाळीस सेकंदांत आटोपला. त्यानंतर शहरात जे सुरू झालं ते काही आटोपायचं नाव घेईना. पालिकेने तपासनीसांच्या हाती रंगाचे तीन डबे दिले आणि घरोघर ठिपके लावत फिरायला सांगितलं. हिरवा म्हणजे खुशाल राहा, पिवळा म्हणजे जपून राहा, लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. काम सोपं होतं. घरांत माणसं नसती तर आणखी सोपं झालं असतं.

आपला तपासनीस पहिल्याच गल्लीत मेटाकुटीला आला. ज्याच्या वाट्याला जो रंग येई, तोच नेमका त्याला नको असे. ज्यांच्या भिंतीवर ओरखडाही नव्हता ते लालसाठी गळ घालत, कारण लालवाल्यांना नव्या वसाहतीत घर मिळणार अशी आवई उठली होती. एका गृहस्थांनी तर खिळा ठोकताना दहा वर्षांपूर्वी निघालेला पोपडा भूकंपाच्या नावावर खपवून पाहिला. आणि ज्यांच्या भिंतीतून शेजारच्यांचा टीव्ही दिसत होता ते म्हणत, छे हो, ही फट जुनीच, उलट वारा छान येतो.

वर मोठे साहेब. शहरात तंबू आले होते दोनशे, म्हणून लाल ठिपकेही दोनशेच लावायचे, असा त्यांचा हुकूम होता. भूकंपाने त्याहून जास्त घरं खिळखिळी केली असतील तर तो भूकंपाचा आगाऊपणा.

हे सगळं तपासनीसाने हसून सोसलं असतं. पण त्याची आईही अशाच एका इमारतीत राहत होती. चार मजले, अठरा बिऱ्हाडं, आणि तिसऱ्या मजल्यावर ती एकटी. निवृत्त शिक्षिका, त्यामुळे सगळी इमारत तिला बाई म्हणे. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन तिने नऊ वर्षं दिराच्या घरी काढली होती, जावेच्या कपाटातला एक कप्पा वापरून. मग स्वतःच्या पगारातून हे घर घेतलं. भूकंपाच्या दिवशी सगळ्यांबरोबर ती खाली आली आणि तासाभरात परत वर गेली. आता पुन्हा कुणाच्या छपराखाली जाणार नाही, म्हणाली.

जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक तिरकी भेग पडली होती. भेग थांबली आहे की अजून सरकते आहे, हे ओळखायची या लोकांची एक साधी रीत असते. भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवायची आणि ओल्या प्लास्टरवर तारीख आणि सही कोरायची. भिंत हलली की काच तडकते. तपासनीसाने पट्टी लावली आणि आईला बजावलं, काच फुटली तर लगेच कळव. आई रोज फोनवर सांगे, काच ठणठणीत आहे. सात दिवस तो तेवढ्यावर जगला.

आठव्या दिवशी सकाळी तो हिरवा डबा घेऊन आला तेव्हा अठराही बिऱ्हाडं जिन्यात हजर होती. काच खरोखरच शाबूत होती. त्याचा जीव भांड्यात पडला. अहवालात उतरवून घ्यायला म्हणून त्याने प्लास्टरवरची तारीख वाचली, आणि ब्रश हातातच राहिला.

अक्षर टपोरं होतं, वळणदार, एका ओळीत. तपासनीसाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आईने तीन वर्षं कित्ता गिरवायला लावून शेवटी हात टेकले होते. तारीख बरोबर होती, सही त्याच्याच नावाची होती, पण इतकी देखणी सही त्याने जन्मात केली नव्हती. बाईंना लबाडी जमली होती, गचाळ लिहिणं जमलं नव्हतं.

त्याने तळमजल्यावरच्या काचवाल्याकडे पाहिलं. काचवाला छताकडे पाहू लागला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पट्टी काचवाला कापायचा, प्लास्टर पहिल्या मजल्यावरचा गवंडी लावायचा, शिंपी दाराशी पहारा करायचा आणि बाई लिहायच्या. एरवी या मंडळींचं पाण्याच्या टाकीवरूनही कधी एकमत झालं नव्हतं.

"किती फुटल्या?" त्याने आईला विचारलं.

"सहा. आज पहाटेची धरून." विचारल्यावर खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

त्याने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, लाल काल संध्याकाळीच संपले, पिवळा लाव. पिवळ्या घरात माणूस मेला तर तो स्वतःच्या जबाबदारीवर मरतो. तपासनीसाने फोन खिशात टाकला, खाली जाऊन लाल डबा आणला आणि दारावर ठिपका नव्हे, परातीएवढा गोळा काढला.

मग जे व्हायचं ते झालं. घरचा माणूस असून उलटला, म्हणत शेजारी त्याच्यावर तुटून पडले. आई वर गेली आणि तिने आतून कडी लावली.

तो मागोमाग गेला. दार वाजवलं, विनवण्या केल्या.

"तू तुझं काम केलंस, आता जा," आतून आई म्हणाली. "पंचाहत्तर वर्षांची आहे मी. भिंत माझ्याहून तरुण आहे."

त्याला रडू फुटलं. तो दाराला पाठ लावून तिथेच खाली बसला. "तू आत आहेस तोवर मी हलत नाही," म्हणाला.

मग खालच्या वळणावरून टिच्च असा आवाज आला.

कडी निघाली. आई अनवाणीच बाहेर आली, तिने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि "ऊठ, ऊठ लवकर" म्हणत त्याला ओढतच जिना उतरू लागली. दार सताड उघडं राहिलं. आठवडाभर पहाटे पहाटे तिने हाच आवाज अंथरुणात पडून ऐकला होता, आणि कूस बदलून पुन्हा डोळे मिटले होते. तेव्हा जिन्यात तिचा मुलगा बसलेला नव्हता.