पहिल्या दुधातल्या शिंपल्या

सोलिंग एकदा हट्टाला पेटली की तिच्यापुढे चर्चच्या पाद्र्याचंही काही चालत नसे. उपसागराचं पाणी विषारी शेवाळाने तांबूस झाल्याला सहा आठवडे होत आले होते. शिंपल्या काढू नका, विकू नका, खाऊ नका, असं गावात रोज सकाळी भोंग्यावरून ओरडून सांगत होते. तरी ही बाई ओहोटीला नवऱ्याने शिंपल्या धरायला पाण्यात रोवलेल्या बांबूंपाशी गेली आणि बादलीभर हिरव्या शिंपल्या खरवडून घेऊन आली. तिचा मुलगा दोमिंग उद्या जहाजावर परत जाणार होता, तो थेट दोन वर्षांनी येणार. अन् सुट्टीवर आल्यापासून त्याचं एकच मागणं होतं, आईच्या हातच्या नारळाच्या दुधातल्या शिंपल्या.

"आई, ऐका माझं," सून जोवेलिन म्हणाली. "कोळंबी आहे घरात, ती घाला दुधात. बंदी काय उगाच घातलीय?"

"तू कालची पोर!" सोलिंग खवणीवर बसत म्हणाली. "माझ्या बापाला शिंपल्या बाधल्या होत्या. जिभेचं पार लाकूड झालेलं. आजीने वाटीभर नारळाचं दूध गूळ घालून पाजलं, संध्याकाळी बाप जाळं विणत बसला. नारळाच्या दुधापुढे कसलं विष टिकतंय?"

"ते नशिबाने वाचले, दुधाने नाही. नर्सबाई सांगत होत्या, कितीही शिजवा, हे विष मरत नाही."

"तिला म्हणावं, आधी भात शिजवायला शीक."

"तुमचं भांडण मिटेपर्यंत माझं जहाज सुटेल," टांगलेल्या झोळीत पडलेला दोमिंग हसला. जोवेलिनने स्वतःसाठी आणि चार वर्षांच्या लेकीसाठी, लायकासाठी, दोन मासे तळले.

खरं सांगायचं तर भीती सोलिंगलाही वाटत होती. पण लग्नानंतर मुलाचं सगळं सुनेकडे गेलं, तिच्या वाट्याला उरलं ते हे एवढं पातेलं. तेही सोडायचं? तिने पहिलं दाट दूध वेगळं ठेवलं. आलं, लसूण, कांदा परतून दुसऱ्या दुधात शिंपल्या शिजवल्या. त्यांची तोंडं उघडली तसं पहिलं दूध ओतलं, शेवग्याचा पाला टाकला आणि मंद आचेवर ढवळत राहिली. दूध फाटलं नाही, हा तिने शुभशकुन मानला. मीठ बघायला एक शिंपली खाल्ली. चव अशी जमली होती की उभ्या उभ्या आणखी तीन खाल्ल्या.

अर्ध्या तासाने पानं वाढली. लायका बापाच्या मांडीवर बसली. दोमिंगने प्रार्थना सुरू केली, सगळ्यांनी हात जोडले, आणि सोलिंगच्या ओठांवर मुंग्या चालल्यासारखं झालं.

मिरची जास्त पडली, तिने मनाला समजावलं. मग आठवलं, लायका घरात आहे म्हणून तिने मिरची घातलीच नव्हती. आता बोटांची टोकंही झिणझिणत होती.

"आमेन," म्हणत दोमिंगने पातेल्यात डाव घातला.

सोलिंगने तोंड उघडलं. समोर जोवेलिन बसली होती. आता बोललं की ती जिंकली, आणि जन्मभर हे ऐकवणार. आल्याचंही असेल हे. होईल कमी. घटकाभर थांबू.

"आई, एवढ्यासाठी मी दोन वर्षं काय, चार वर्षं समुद्रात काढीन!" दोमिंग भुरके मारत होता, पानाजवळ एकेक रिकामी शिंपली टाकत होता. अन् देव तिला क्षमा करो, ते ऐकून तिला बरं वाटलं.

मग त्याने रश्शात कालवलेला घास लायकाच्या तोंडापाशी नेला.

सोलिंगने त्याच्या हातावर जोरात फटका मारला. पातेलं कलंडलं, दूध बांबूच्या जमिनीच्या फटींतून खाली गळू लागलं. "नको!" ती ओरडली, पण जीभ जड झाली होती, शब्द अर्धाच बाहेर आला.

"अगं आई, काय हे? वेड लागलं का तुला?" दोमिंगला हसू फुटलं. मग त्याने ओठांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. त्याचं हसू मावळलं.

जोवेलिनने लेकीचं तोंड उघडून बघितलं, आत काही नव्हतं. तिने खिडकीतून शेजाऱ्याला हाक मारून रिक्षा काढायला लावली आणि लायकाला त्याच्या बायकोकडे दिलं. दवाखाना तासाभराच्या अंतरावर होता. नवऱ्याला दंडाला धरून उठवताना ती थांबली.

"आई, तुम्हाला कधी कळलं?"

सोलिंगला खोटं बोलता आलं असतं. तिच्या जिभेची अवस्था बघून कोणी पुन्हा विचारलंही नसतं.

"प्रार्थना चालली होती तेव्हा," ती म्हणाली. शब्द नीट उमटावेत म्हणून तिने एकेक सावकाश उच्चारला.

जोवेलिनने दोमिंगच्या पानाजवळच्या शिंपल्यांकडे बघितलं. अकरा होत्या.

"बसा रिक्षात," ती एवढंच म्हणाली.

रिक्षा आदळत निघाली. दोमिंगने आईचा हात हातात घेतला. त्याने घेतलाय हे सोलिंगला डोळ्यांनी दिसलं म्हणून कळलं.