उभ्याने बोलायचं नाही

मी सात नंबरचं घडीचं स्टूल बोलतोय. तुम्हीही जरा टेका, कारण आमच्या घरात उभ्याने कुणी कुणाशी बोलत नाही.

आमचं घर म्हणजे मिशनने चालवलेलं, बरे न होणाऱ्या आजारांच्या बायकांसाठीचं घर. खाली चौदा खाटा, वरच्या मजल्यावर नऊ. माझे पाय एका मोडलेल्या खाटेचे आहेत आणि बसायचं कापड जुन्या स्ट्रेचरचं. सुताराच्या हातून माझा एक पाय नखभर आखूड झाला. त्याच्या ते लक्षात आलं होतं. "चालतंय," असं म्हणून त्याने पायावर सातचा आकडा रंगवला आणि मला उन्हात वाळत ठेवलं. तेव्हापासून मी डुगडुगतो.

खाटेवरच्या माणसाशी उभ्याने बोलायचं नाही, हा मेट्रनबाईंचा नियम. मान वर करून बोलावं लागलं की माणसाला आपण आडवे आहोत हे जास्त जाणवतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सेवेला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक स्टूल मिळतं. ते त्याने जाईल तिथे न्यायचं आणि वर्ष संपलं की परत करायचं.

मी ज्याच्या वाट्याला आलो तो बावीस वर्षांचा होता, परदेशातून आलेला. त्याच्या गावच्या चर्चच्या मंडळीने त्याला वर्षभरासाठी पाठवलं होतं. तिथले पाळक म्हणजे त्याचे सख्खे मामाच. इथली भाषा तो शिकून आला होता, पण पुस्तकातली. पाणी हवंय का हे विचारतानाही शिलालेख वाचल्यासारखा वाटायचा.

मी आजवर पुष्कळ माणसं झेलली, पण इतकं न बसणारं माणूस नाही पाहिलं. टेकला की टाच हलू लागायची. टाच थांबली की बोटं. तीन मिनिटांत तो उठलेला असायचा. पहिल्या आठवड्यात त्याने कपाट हलवलं, खिडक्या पुसल्या, भिंतीला रंग द्यायची परवानगी मागितली आणि गाण्याचा वर्ग काढायचं ठरवलं. वर्गाला एकच बाई आली, तीही झोपेत होती.

"अरे भिंगरी," तीन नंबरच्या खाटेवरून कंडक्टरबाई म्हणाल्या, "खाली बस. गाडी सुटत नाहीये." त्यांनी एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती. त्या दिवसापासून त्याचं नाव भिंगरीच पडलं.

त्याच्या अस्वस्थपणाला एक कागदही कारण होता. दर महिन्याला मामांकडे अहवाल जायचा आणि तो रविवारी सगळ्या मंडळीसमोर वाचला जायचा. त्यात रकाने होते: भेटी किती, प्रार्थना किती, पुस्तिका किती वाटल्या. माझ्यावर बसून तो हे आकडे भरायचा. भेटी एकसष्ट. त्यातल्या बहुतेक मी पाहिल्या होत्या. त्या भेटी नव्हत्या, फेऱ्या होत्या.

आता चार नंबरची खाट. तिथे शिंपीणबाई. आयुष्यभर त्यांनी शाळेचे गणवेश शिवले आणि आता त्यांचे हात कापायचे. बाराला गोळी घेतली की पाऊण वाजता हात शांत व्हायचे आणि जेमतेम अर्धा तास शांत राहायचे. तेवढ्यात जेवून घ्यायचं. चमचा स्वतः उचलायचा, सांडायचं नाही. कारण ज्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही त्याला वर नेतात. वर खिडक्या उंच आहेत. बाहेरचं काही दिसत नाही आणि वर गेलेलं कुणी खाली आलेलं मी पाहिलं नाही. शिंपीणबाईंना आजाराचं भय नव्हतं, त्या जिन्याचं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, सव्वाच्या सुमाराला डॉक्टर येतात आणि जेवणाऱ्यांकडे बघत वहीत लिहितात. चौथ्या महिन्यातल्या अशाच गुरुवारी भिंगरीला जेवणाआधीची प्रार्थना सांगितली गेली. एरवी ती मेट्रनबाई चार शब्दांत उरकतात. सूप वाढून झालं होतं. पाऊण वाजला होता. त्याने मला भिंतीला टेकवलं, मधोमध उभा राहिला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

चौदा खाटांसाठी त्याने एकेक करून मागितलं. स्वयंपाकघरासाठी, धोब्यासाठी, गावच्या मंडळीसाठी, मामांच्या गुडघ्यासाठी मागितलं. आवाज भरून आला होता त्याचा, खोटं काही नव्हतं. पण मला शिंपीणबाई दिसत होत्या. प्रार्थना चालू असताना चमचा उचलायचा नाही, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलेलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या. हात अगदी शांत होते. सूप निवत होतं आणि त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती.

बावीस मिनिटं. आमेन झाल्यावर त्यांनी घाईघाईने चार चमचे घेतले. डॉक्टर दारात असताना पाचवा चमचा गाऊनवर सांडला, सहावा पांघरुणावर. डॉक्टरांनी वहीत लिहिलं: चार नंबर, सोमवारी वर.

भिंगरी पांघरूण बदलायला धावला. "बाई, तुम्ही मला थांबवायचं ना."

"प्रार्थनेला कुणी थांबवतं का बाळा?" त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

पुढचे तीन दिवस तो माझ्यावर धड बसलाही नाही. मला काखेत मारून व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचा. मामांना फोन लावला. "मामा, मी परत येतो. माझ्या हातून इथे भलं होत नाही."

"अरे, मंडळीने तुझ्यासाठी उपास केलेत. काय सांगू लोकांना? झालंय काय पण?"

"प्रार्थना लांबली."

मामा हसले. "त्यात काय वाईट?"

त्याने फोन ठेवला. रविवारी दुपारी तो मला घेऊन मेट्रनबाईंच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"बस," त्या म्हणाल्या. तो बसला आणि त्याने सगळं सांगितलं. शिंपीणबाईंचे हात पाऊण वाजता ठीक होते, सांडलं ते त्यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे. त्यांना वर नेऊ नका, हवं तर मला घरी पाठवा.

"घड्याळ दिसलं नाही तुला?"

"डोळे मिटले होते."

"हं." मेट्रनबाईंनी चष्मा पुसला. "डॉक्टरांचं लिहिलेलं मला खोडता येत नाही. पण पुढच्या गुरुवारी त्यांना पुन्हा बोलावते. तोवर ती खालीच राहील. आणि तू रोज तिच्या जेवणाला बसायचंस."

"भरवायचं?"

"नाही."

"मग करायचं काय?"

"काही नाही. बसायचं. तेच तुला जमत नाही."

पहिले दोन दिवस त्याची टाच माझा पाय ठोकत होती. मी डुगडुगलो की खाटेला धक्का लागून तिच्यावरचं ताट हलायचं. तिसऱ्या दिवशी शिंपीणबाईंनी चमचा खाली ठेवला. "हे आधी बंद कर. माझे हात कापतात ते पुरे आहेत." मग त्याने खिशातून त्या महिन्याचा अहवाल काढला, अर्धवट भरलेला, घडी घालून घालून माझ्या आखूड पायाखाली सारला. मी आयुष्यात पहिल्यांदा स्थिर झालो. तोही.

गुरुवारी पाऊण वाजता डॉक्टर आधीच येऊन बसले होते. शिंपीणबाई चमच्याला हात लावेनात. त्या भिंगरीकडे बघत होत्या.

"प्रभू, आभार. आमेन," तो म्हणाला.

"झाली?"

"झाली."

"मामांना चालेल?"

"ही एक्सप्रेस," कंडक्टरबाई म्हणाल्या. "मागची प्रत्येक थांब्यावर थांबत होती."

शिंपीणबाई हसल्या, मग गंभीर होऊन जेवू लागल्या. एकोणीस चमचे. शेवटी त्यांनी वाटी तिरपी करून डॉक्टरांना दाखवली. डॉक्टरांनी वहीतली ओळ खोडली. जेवून सात-आठ मिनिटं उरली होती. तेवढ्यात शिंपीणबाईंनी सुई मागितली आणि मला खाटेवर उलटं घ्यायला लावलं. जाड कापडाची एक टोपी करून, अहवालाची घडी आत धरून, त्यांनी ती माझ्या आखूड पायाला शिवायला घेतली. पाच दिवस लागले. टाके असे एकसारखे की सुताराला लाज वाटावी.

मामांचा फोन आला. "या महिन्याचे आकडे आले नाहीत."

"ते कामात आहेत, मामा," एवढंच तो म्हणाला.

पुढचे महिने तो बसला. नेहमी शांतपणे नाही. गावाची आठवण आली की टाच अजून हलायची, पण आता तिचा आवाज व्हायचा नाही. शिंपीणबाईंचा अर्धा तास मात्र आक्रसत गेला. आधी पंचवीस मिनिटं, मग वीस.

त्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी सूप सतरा मिनिटांत संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता कर. मोठी. त्या दिवसासारखी."

"आता?"

"आता माझं काही निवत नाहीये."

तो माझ्यावर बसून राहिला, उठला नाही. चौदा खाटांसाठी, धोब्यासाठी, मामांच्या गुडघ्यासाठी, सगळ्यांसाठी त्याने मागितलं. मधेच त्यांचे हात कापू लागले, तेव्हा त्याने बोलता बोलता ते आपल्या हातांत धरले. या वेळी त्याचे डोळे उघडे होते.

संध्याकाळी त्याने मला मेट्रनबाईंच्या दाराशी ठेवलं. घडी घालण्याआधी टोपी नीट बसली आहे का ते एकदा चाचपलं.

आता मी एका मुलीकडे आहे. कालच आली, तीही दुसऱ्या देशातून, तीही घाईत. आज महिन्याचा पहिला गुरुवार, पाऊण वाजून दोन मिनिटं झाली आहेत. शिंपीणबाईंचे हात आत्ता शांत आहेत आणि आता ते चौदा मिनिटंच शांत असतात. ताट समोर आहे. मला मागे उघडून ठेवून मुलगी खाटेशी उभी आहे, हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि तिने नुकताच मोठा श्वास घेतला आहे.

मला तिच्याशी बोलता येत असतं तर एवढंच म्हणालो असतो: बस ना गं.

पण शेजारून कंडक्टरबाईंनी काठी लांब केली आहे आणि मला मागून तिच्या गुडघ्यांवर ढकललं आहे. ती टेकली. डोळे उघडले. मी हललो नाही.