सहाव्या टाकीतल्या गोगलगायी

आमच्या इगोनी सरांनी गोगलगायींना विष घालून घालून प्रोफेसरकी मिळवली. टिंगल नाही करत, विद्यापीठात कामच ते. सहा काचेच्या टाक्या. पाचांत तणनाशक चढत्या मात्रेने, सहावीत तुलनेसाठी नुसतं स्वच्छ पाणी. महिन्याने गोगलगायींची यकृतं कापून काचपट्टीवर लावायची, ते मी करते. मी तारिला, अठरा वर्षं हेच.

सहाव्या टाकीसाठी गोगलगायी माझ्या आईच्या गावच्या ओढ्यातून येतात. ‘प्रदूषणमुक्त ओढा’ असं सरांच्या बारा शोधनिबंधांत छापलंय. आणि त्या टाकीतली एकही कधी कापली नाही, बरं का! "निरोगी जनावरात काय बघायचंय, तारिला? पुस्तकातला जुना फोटो लाव," सर म्हणायचे. मीही मुकाट लावत आले, तेवढीच माझी अक्कल.

मग गावाजवळ तेलाची पाइपलाइन फुटली. गावाने तक्रार केली, तर कंपनीच्या वकिलाने सरांचाच निबंध फडकवला. ओढा प्रदूषणमुक्त! आई त्याच ओढ्यातलं पाणी पिते, गोगलगायी खाते. तेव्हा कुठे मी सहाव्या टाकीतल्या गोगलगायी कापल्या.

यकृताचा नुसता चिखल. पाचव्या टाकीपेक्षा वाईट.

"लेबलं अदलाबदल केलीस," सर म्हणाले. पुन्हा कापल्या, तेच. "मग बाजारातून दुसऱ्या आण. एका ओढ्यासाठी बारा निबंध मागे घेऊ की काय?"

"सर, माझी आई खाते हो त्या!"

"तिला म्हणावं, मासे खा."

मासे काय आभाळात पोहतात?

सोमवारी अनुदानाची पाहणी करायला राजधानीतून बाई आल्या. सरांनी कोट चढवला होता, इंग्रजीही चढवली होती. मी सूक्ष्मदर्शकाखाली माझी काचपट्टी सरकवली.

"अरे बापरे!" बाई डोळा न काढता म्हणाल्या. "ही सगळ्यात जास्त विषाची टाकी ना?"

"अर्थातच," सर ऐटीत म्हणाले. "यकृताची कशी वाट लागलीय बघा."

"नाही, बाई," मी म्हणाले. "ही स्वच्छ पाण्याची. आमच्या गावच्या ओढ्यातली."

"तारिला, नोकरी नकोशी झालीय का?" सर दात खाऊन पुटपुटले.

बाईंनी पेन उघडलं आणि ओढ्याचं नाव विचारलं. मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं.